‘हर्क्युलिस पाहा’

कोश ‘हर्क्युलेनियम’पर्यंत छापून झाला होता. त्यापुढची जागा ‘हर्क्युलिस’ची. आणि हर्क्युलिस लिहायला दिलेला होता धर्मगुरू कॅनन पोन्सफोर्ड यांच्याकडे. एक-दोन महिने नव्हे, चांगली अकरा वर्षं.

“फक्त आठवडाभर, थ्रेल,” कॅनन म्हणायचे. म्हणताना त्यांचे डोळे अर्धे मिटायचे, हनुवटी वर जायची, आणि ‘आठवडाभर’ हा शब्द कॅथीड्रलमधल्या स्तोत्रासारखा लांबत लांबत छताला जाऊन टेकायचा. तो तिथून खाली यायच्या आत आठवडा संपलेला असायचा.

थ्रेलमास्तर मान डोलवायचे, “सावकाश होऊ द्या, कॅननसाहेब,” असं म्हणायचे, आणि फाटकाबाहेर आले की स्वतःच्याच उंच टोपीला एक बुक्की मारायचे. टोपीचा आकार पाहून गावाला कळायचं, मास्तर कॅननकडे जाऊन आले.

जेथ्रो थ्रेल हे खोगीर शिवणाऱ्याचे चिरंजीव. बापाची इच्छा अशी की पोराने चामडं हातात धरावं. पोराने धरलं ते एका लॅटिन व्याकरणाचं, आणि तेही नवी बांधणी करायला म्हणून दुकानात आलेलं. गिऱ्हाईक पुस्तक न्यायला आलं तोवर अर्धं व्याकरण पोराच्या डोक्यात गेलं होतं, आणि त्याचं पाठांतर घेता घेता थोरली बहीण केझाया हिच्याही. पुढे गावच्या पाद्र्याने शब्द टाकला म्हणून जेथ्रो केंब्रिजला गेला आणि बड्यांच्या पंगतीतलं उरलेलं जेवून शिकणाऱ्या पोरांच्या बाकावर बसून शिकला. केझाया खोगिरांना मेण लावत राहिली. तो परत आला तो दुय्यम मास्तर होऊन. बावीस वर्षं एकाच शाळेत, एकाच वर्गात, एकाच फळ्यापुढे.

कोशाचं वेड तिथलंच. पोरं विचारायची, “सर, हा गेरिऑन कोण?” शाळेतला जुना कोश सांगायचा, ‘एक राक्षस.’ “सर, मग हा काकस कोण?” ‘एक राक्षस.’ बाकांखालून कुणीतरी हळूच म्हणायचं, “सर, हा कोश लिहिणारा कोण?” वर्ग खिदळायचा. मास्तर छडी शोधायचे, पण मनातून त्यांना पोराचंच पटायचं. ग्रीक आणि रोमन जगातला प्रत्येक राजा, देव, नदी, गाव आणि राक्षस. कोण, कुठला, कुणाचा, कसा मेला, आणि हे कुठल्या जुन्या ग्रंथात कुठल्या प्रकरणात लिहिलंय, हे सगळं सांगणारा एक धड कोश असावा, एवढंच त्यांना वाटलं. वाटलं ते वाटलं, आणि त्यांनी नोकरी सोडली. कॅथीड्रलच्या भिंतीला टेकलेलं एक अरुंद घर घेतलं, कारण कॅथीड्रलच्या ग्रंथालयात पुस्तकं होती. बापामागे एकट्या पडलेल्या केझायाला त्यांनी घर सांभाळायला बोलावून घेतलं.

ती घर सांभाळायला आली आणि चिठ्ठ्या सांभाळू लागली. एका नावाला एक चिठ्ठी, चिठ्ठ्या टोप्यांच्या रिकाम्या डब्यांत, डबे जिथे जागा मिळेल तिथे. लहानसहान नोंदी ती लिहू लागली. आधी नद्या आणि डोंगर, मग राण्या, मग बघता बघता अख्खी शहरं. मास्तर ते वाचायचे, हुंकार भरायचे, एखादा स्वल्पविराम इकडचा तिकडे करायचे आणि प्रथेप्रमाणे नोंदीच्या तळाला लेखकाची आद्याक्षरं टाकायचे: ‘जे. थ्रे.’ दर दोन महिन्यांनी करड्या वेष्टनातला एक भाग लंडनहून छापून यायचा. छापलेलं पान शिशाच्या पत्र्यात ओतून ठेवलं जायचं. एकदा ओतलं की ओतलं, मग त्यात काना-मात्राही हलवता येत नसे.

तर हर्क्युलिस. एका मेजवानीत, मटणाचा तुकडा काट्यावर धरून, कॅनन पोन्सफोर्ड म्हणाले होते, “थ्रेल, हर्क्युलिस मला द्या. आणि हर्क्युलिसला जे जे चिकटलेलं असेल, ते सगळं मलाच राहू द्या. विषय अखंड पाहिजे. अ-खं-ड.” कॅनन म्हणजे कॅथीड्रलच्या बड्या धर्मगुरूंपैकी. ग्रंथालयाची किल्ली त्यांच्या शब्दावर मिळालेली. मास्तर खूश होऊन घरी आले आणि त्यांनी जन्माची चूक केली. ‘अँटियस’ आला, त्याला हर्क्युलिसने मारलेलं. मास्तरांनी लिहिलं, ‘हर्क्युलिस पाहा.’ ‘ऑजियस’, ज्याचे तबेले हर्क्युलिसने धुतले: ‘हर्क्युलिस पाहा.’ ‘काकस’: ‘हर्क्युलिस पाहा.’ ‘सर्बेरस’, ‘डियानीरा’, ‘गेरिऑन’. ज्याला ज्याला त्या दांडगोबाने कधी गदा मारली, ज्याच्याशी लग्न केलं, ज्याच्याकडे एक वेळ जेवला, त्या सगळ्यांना मास्तरांनी पुढच्या दाराशी पाठवलं. केझायाने मोजून सांगितलं, एकशे त्रेचाळीस. एकशे त्रेचाळीस वेळा वाचकांना आश्वासन देऊन झालं होतं, शिशात ओतून.

आणि आता ते दार आलं होतं आणि दाराला कुलूप होतं.

ऑगस्ट संपता संपता लंडनहून प्रकाशक ब्लॅगडन यांचं पत्र आलं. ब्लॅगडन यांची पत्रं वाचताना केझाया नाकातून आवाज काढायची, कारण ते प्रत्यक्ष बोलतानाही नाकातूनच बोलत.

“‘मान्यवर महोदय,’” ती वाचू लागली, “‘आपल्या प्रकृतीस आराम असावा अशी आशा करतो. आमच्या वर्गणीदारांच्या प्रकृतीस मात्र आराम नाही. सात महिने झाले, त्यांना भाग मिळालेला नाही. सप्टेंबरअखेर हर्क्युलिस हाती न आल्यास आम्ही जे झालं आहे तेवढंच, ए ते हर्क्युलेनियम, अशा एका सुबक खंडात बांधून कोशाचा समारोप करू. आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक.’”

“ए ते हर्क्युलेनियम,” मास्तर म्हणाले.

“सुबक खंडात.”

“म्हणजे ज्वालामुखीने गाडलेल्या गावावर कोश संपणार. वरून राख.”

“जा तू, आणि स्पष्ट माग,” केझाया म्हणाली.

“कॅननकडे? स्पष्ट? अगं, सभ्य माणसाला तगादा लावत नाहीत.”

“शिंप्याला लावतोस.”

“शिंपी सभ्य नसतो, शिंपी शिंपी असतो.”

पण गेले. दार उघडलं मिसेस ग्लॉसप यांनी. कॅननचं घर चालवणारी ही बाई कुजबुजल्याशिवाय बोलत नसे, आणि तिची कुजबुज रस्त्यापलीकडे ऐकू जात असे.

“मास्तर, साहेब कामात आहेत.”

“हर्क्युलिसच्या?”

“झोपेच्या.”

मास्तर बसले. तासाभराने कॅनन आले. मग रीतीप्रमाणे आधी कॅननच्या गुडघ्याची चौकशी, मग गुलाबांची, मग बिशपसाहेबांच्या सर्दीची. प्रत्येक पायरीवर मास्तरांच्या जिभेच्या टोकाला हर्क्युलिस यायचा आणि कॅनन त्याच्यापुढे एक नवीन गुलाब ठेवायचे. शेवटी निघताना, टोपी हातात घेऊन, मास्तर पायपुसण्याकडे बघत म्हणाले, “आणि ते… दुसरं ते?”

“कुठलं?”

“ते… सिंहाचं कातडं पांघरणारं.”

“हां, हां. जवळजवळ झालंय, थ्रेल. आठवडाभर.”

टोपी त्या दिवशी पार बसली.

पण कॅननला काय वाटलं कोण जाणे, सप्टेंबरच्या चौदा तारखेला दारात खरंच एक गठ्ठा आला. दोरीने बांधलेला, लाखेने सील केलेला, जड. केझायाने कात्री आणली, पण मास्तरांनी दातांनीच दोरी सोडली. एकशे चाळीस पानं. मास्तर खिडकीशी बसून वाचू लागले. पहिली दहा पानं वाचली तेव्हा ते गुणगुणत होते. तिसाव्या पानाला गुणगुणणं थांबलं. साठाव्या पानाला त्यांनी चष्मा काढून पुसला, जणू दोष चष्म्याचा. मग ते शेवटचं पान काढून पाहू लागले.

“किती वर्षांचा झाला?” केझायाने विचारलं.

“कोण?”

“हर्क्युलिस.”

“आठ महिन्यांचा,” मास्तर म्हणाले. “किंवा दहा. त्यावरच सव्वीस पानं आहेत.”

“आणि सिंह?”

“सिंह नाही. पाळण्यात दोन साप आलेत. तो पाळणा होता की उलटी ठेवलेली ढाल होती, यावर तीस पानं. साप अजून मेले नाहीत. तळटिपेत म्हटलंय, त्यांच्या मृत्यूचा विचार यथावकाश करू.”

अकरा वर्षांत आठ महिने. नमनालाच घडाभर तेल, आणि समया, पणत्या, सगळ्याच रिकाम्या. केझायाने बोटांवर हिशोब करून सांगितलं की या चालीने हर्क्युलिसच्या बारा साहसांतलं पहिलं यायला कॅननना बायबलातल्या शेकडो वर्षं जगलेल्या नोहाच्या वयाचं व्हावं लागेल.

मास्तर तसेच, टोपी न घालता, गेले. मिसेस ग्लॉसप कुजबुजायच्या आत ते अभ्यासिकेत होते. कॅनन टोस्ट खात होते.

“कॅननसाहेब, ती बारा साहसं.”

“हो?”

“ती नाहीत यात.”

कॅननने टोस्ट खाली ठेवला आणि शाळेतल्या ढ पोराकडे पाहावं तसं पाहिलं. “अहो थ्रेल, पायाच नसेल तर इमारत कुठून? मी पाया घातलाय. राहिलं काय? एक सिंह, एक पाणसाप, एक हरिण, एक डुक्कर. ते कुणीही शाळामास्तर लिहील.”

मास्तरांनी वाकून नमस्कार केला आणि घरी आले. आल्या आल्या म्हणाले, “केझे, चिठ्ठ्या काढ. शाळामास्तर लिहिणार आहे.”

हातात सोळा दिवस होते. घरातलं एकमेव टेबल बायबल, शाई आणि थंड मटणाने अडलेलं, म्हणून केझायाने जिन्याच्या पायऱ्यांवर बारा साहसं मांडली. पायऱ्या अकराच, म्हणून पाताळातून कुत्रा ओढून आणायचं शेवटचं साहस कोळशाच्या पेटीवर. वर-खाली जायची सोय राहिली नाही. मास्तर खाली बसून लिहीत, ती पायरीवरून हाक देई, “पाचवं सुरू कर, तबेल्यांचं. ऑजियसला आपण इथेच पाठवलंय, विसरू नकोस. आणि त्याच्या मुलाचंही राहिलंय.” जे जे एकशे त्रेचाळीस पाहुणे ठिकठिकाणाहून या दाराशी पाठवले होते, त्या प्रत्येकाला एक ओळ, अर्धी ओळ, निदान उभं राहायला दोन शब्द. जागा झाली की केझाया त्याच्या चिठ्ठीवर काट मारायची. कॅननची एकशे चाळीस पानं मास्तरांनी चार ओळींत आणली. त्या चार ओळींत सापही मेले.

नऊ दिवसांत झालं. चार छापील पानं. नोंदीची सुरुवात अशी होती: ‘ग्रीकांचा सर्वांत लाडका वीर. जन्मभर आपल्याहून हलक्या माणसाच्या हुकमाखाली राबला.’ मास्तरांनी ते मोठ्याने वाचलं, आणि केझाया म्हणाली, “चांगलं झालंय, जेथ्रो.” तिने चौदा वर्षांत हे वाक्य दोनदा उच्चारलं होतं, आणि पहिल्यांदा ते वाटाण्याच्या सुपाबद्दल होतं.

आता तळाची आद्याक्षरं. कोशाच्या वेष्टनावर पहिल्या भागापासून जाहीर झालेलं होतं: हर्क्युलिस, लेखक कॅनन ऑगस्टीन पोन्सफोर्ड. रीत अशी की छापून आलेला कच्चा मजकूर आधी त्यांना दाखवायचा. मास्तरांनी तळाची जागा कोरी सोडली.

“का?” केझायाने विचारलं.

“माणूस सभ्य आहे. वाचल्यावर स्वतःहून म्हणेल, थ्रेल, हे तुमचं आहे, तुमचं नाव घाला.”

“म्हणेल?”

“न म्हणायला काय झालं?”

कॅननकडून कच्चा मजकूर दोन दिवसांत परत आला. पहिल्या पानावर एक स्वल्पविराम हलवलेला होता. चौथ्या पानाच्या तळाशी कोऱ्या जागेत ठसठशीत, वळणदार अक्षरांत लिहिलेलं होतं: ‘ऑ. पो.’ सोबत चिठ्ठी, ‘माझा मजकूर आपण थोडा कापलेला दिसतो. हरकत नाही. सार राहिलं आहे.’

सप्टेंबरच्या तिसाव्या तारखेला पान लंडनला पोचलं आणि शिशात गेलं. कोश बुडता बुडता वाचला. नोव्हेंबरात एका साप्ताहिकाने लिहिलं की या भागातली ऑ. पो. यांची नोंद ही संपूर्ण कोशाचा मुकुटमणी होय; बाकी नोंदी लिहिणाऱ्यांनी तिच्यापासून धडा घ्यावा. कॅननने मास्तरांना आणि केझायाला चहाला बोलावलं. साप्ताहिक टेबलावर उघडं होतं, अगदी केकशेजारी.

“मी पुन्हा वाचलं, थ्रेल,” कॅनन म्हणाले, “आणि खरं सांगतो, माझं मलाच आश्चर्य वाटलं. कामाच्या ओघात माणसाला कळत नाही आपण काय लिहून जातो ते. मिस थ्रेल, केक घ्या, शहाजिऱ्याचा आहे. तर मी म्हणत होतो, हात बसलाय आता. जुपिटर मला द्या. आणि जुपिटरला जे जे चिकटलेलं…”

मास्तरांच्या घशात केक अडकला. मिसेस ग्लॉसप यांनी पाठीत थाप मारली, ती कुजबुजीच्या मानाने फारच मोठी होती. तेवढ्यावर चहा आटोपला.

घरी आल्यावर मात्र मास्तर फुटले. खोली चार पावलांची. ते चार पावलं जात, डब्याला आपटत आणि परत फिरत.

“चार पानं. चारही माझी. ओळ न ओळ. आणि तळाला त्याची अक्षरं. अगं, माणसाला लाज कशी वाटत नाही? दुसऱ्याने राबायचं. याने आयतं वाचायचं, हुंकार भरायचा, एक स्वल्पविराम इकडचा तिकडे करायचा आणि खाली आपलं नाव ठोकून मोकळं व्हायचं. वर मलाच सांगतो, हात बसलाय. कसा बसला? कुणाच्या जिवावर बसला?”

केझाया नव्या चिठ्ठ्या कापत होती. कात्री क्षणभर थांबली, मग पुन्हा चालू लागली.

“असतात अशी माणसं,” ती म्हणाली.

तिच्या आवाजात काहीच नव्हतं. ना टोमणा, ना राग. पीठ संपलंय असं सांगावं तसं. मास्तर आणखी दोन पावलं गेले आणि डब्याला आपटायच्या आधीच थांबले. टेबलावर ‘जूनो’ची नोंद पडली होती, सकाळीच तिने लिहून ठेवलेली. आठ पानं, केझायाच्या बारीक सरळ अक्षरांत, तळाशी कोरी जागा.

मास्तरांनी फळीवरून जुना भाग काढला, पान उलटलं. “कार्थेज कुणी लिहिलं?”

“तू,” केझाया म्हणाली. “तळाला आहे की जे. थ्रे.”

ते खुर्चीवर बसले.

“आणि जुपिटर?” त्यांनी विचारलं.

“अर्धा झालाय. जूनो लिहायची तर तिचा नवराही घ्यावाच लागतो. मंगळवारपर्यंत होईल.”

मास्तरांनी दौत ओढली. जूनोच्या तळाला त्यांनी लिहिलं, ‘के. थ्रे.’ हात इतका आवळला होता की टाक कागदात रुतला.

केझायाने वाकून पाहिलं. “लेखकांच्या यादीत हे नाव नाही. यादीचं पान शिशात ओतलंय. ब्लॅगडन ओरडतील.”

“ओरडू देत. नाकातून ओरडतील.”

मग त्यांनी कॅननना पत्र लिहायला घेतलं. सवयीने आधी गुडघ्याची चौकशी लिहिली गेली. तो कागद त्यांनी फाडला. दुसऱ्यावर एवढंच लिहिलं: ‘जुपिटर मिस केझाया थ्रेल यांच्याकडे आहे. आपला, जे. थ्रेल.’ पाकीट मिटलं आणि पत्ता घातला. तरी कपाळावरची आठी सुटली नाही.

“आता काय?” केझायाने विचारलं.

“आधीच्या सगळ्या भागांचं काय करायचं?”

“काय करणार? ओतलंय ते ओतलंय.”

“माहीत आहे,” मास्तर चिडून म्हणाले. कुणावर चिडले ते त्यांनाच सांगता आलं नसतं. “पण तुझं किती, ते तरी मला कळू दे. यादी आहे का कुठे?”

“यादी कशाला लागते?” तिने कात्री ठेवली नाही. मान खाली घालूनच सांगू लागली, “एटना. आरेथ्युसा. बोआडिसिया. कार्थेज. क्लिओपात्रा. डेल्फी. डायडो. एट्रुरिया.”

मास्तर टाक हातात धरून बसले होते, आणि लिहायला जागा कुठेच नव्हती.

“अजून एफ आणि जी आहेत,” केझाया म्हणाली. “थांबू?”

“नको,” मास्तर म्हणाले. “सांग.”